पुठ्ठ्याचा उलुलेवु

यंदा मोठ्या भरतीचं पाणी चुलीत आलं. राख भिजून लापशी झाली आणि तीत एक खेकडा बसला होता.

उलुलेवुकडं बोट दाखवायचं नाही. हनुवटी उचलायची. डोंगर आपल्यापेक्षा वडील.

आत्या म्हणजे माझी सासू. तिची कात्री. त्या कात्रीनं कापडाशिवाय दुसरं काही कापायचं नाही. तिच्या मुलानं, एमोरीनं, एकदा तीच घेऊन माशाचे पर कापले, तर आठवडाभर त्याच्या पानात नुसती शेपटी पडत होती.

दाकुवातु गाव आणि आमचं वाइसोसो थट्टेचे सोयरे आहेत. खाडीच्या या तीरावर आम्ही, त्या तीरावर ते. एकमेकांना काहीही बोलावं, काहीही मागावं. ज्याला राग येईल तो हरला.

आत्याचा उजवा गुडघा उठताना वाजतो. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे उभे राहतात, बाक गप्प होतात, आणि मग तो एकटा ऐकू येतो.

कडक बिस्किटांच्या खोक्यांचा पुठ्ठा सरळ कापला जातो. माशांच्या डब्यांच्या खोक्यांचा फाटतो.

कागद

उनाइसी आली तेव्हा ओहोटी होती. होडी लांबच टेकली. ती राजधानीहून, सुवाहून, आलेली सरकारी मुलगी, चपला हातात घेऊन, कागदाची गुंडाळी डोक्यावर धरून चिखलातून चालत आली. आत्या दारात शिवणाच्या मशिनवर होती. तिनं नजर वर न करता विचारलं, "पाय कुठं धुणार गं पोरी? आमच्या विहिरीत आता समुद्रच आहे."

"तेवढ्यासाठीच आले, आजी," उनाइसी म्हणाली.

गाव वर न्यायचं ठरलं होतं. त्याला कोणाचा विरोध नव्हता. आधीच्या पावसाळ्यात कबरींमधून पाणी फिरलं, तेव्हाच ते सगळ्यांच्या मनात होऊन गेलं. प्रश्न होता कुणाचं घर कुठं. आमच्या घरापुढं दोन जागा ठेवल्या होत्या. एक खाली, ओढ्याकाठच्या सपाटीवर. दुसरी वर, उलुलेवुच्या कमरेवर जी रुंद पट्टी आहे तिथं. दोन्हींतली एक निवडायची आणि सोमवारी सांगायचं. मंगळवारी यंत्र येणार, जागा सपाट करणार, वादळांचे महिने लागायच्या आत खांब उभे राहणार. एकदा यंत्र फिरलं की बदल नाही.

सभाघरात उनाइसीनं चटईवर नकाशा पसरला. सभाघराला वरची बाजू असते आणि खालची बाजू असते. वर सरदार आणि म्हातारे, मधे बाप्ये, दाराशी आम्ही बायका. नकाशा सरदारांच्या तोंडासमोर सरळ ठेवला, आणखी कसा ठेवणार? आणि तो फिरवून बघायला सरदारांच्या पुढ्यातून हात कोण घालणार? आम्ही दाराशी बसलेल्यांनी आमचं गाव उलटं पाहिलं.

"लाल म्हणजे धोका," उनाइसी सांगत होती. "पिवळं म्हणजे सांभाळून. हिरवं म्हणजे निर्धास्त."

आत्या माझ्या कानात म्हणाली, "पिवळं बरं दिसतंय. पिकल्या पपईसारखं. हिरव्याला अजून वेळ आहे."

ओढ्याकाठची जागा पिवळी होती.

घरी येऊन एमोरी आणि मी कसावा सोलायला बसलो. एमोरी माझा नवरा. तो मधल्या रांगेत कडेला बसला होता, त्याला नकाशा आडवा दिसला.

"खालची जागा डुकरांच्या कुंपणाच्या आत आहे," तो म्हणाला.

"कुंपणाच्या पलीकडं. ओढ्याच्या त्या अंगाला."

"केलेरा, तुझा ओढा डोंगर चढतो का गं?"

"तुझा आडवा पडून झोपतो."

आत्या मधेच म्हणाली, "मला कुणी विचारत नाही, पण मी दोन्ही ठिकाणी डुकरं बघितली."

आकडा

दुसऱ्या दिवशी कारभारी इलाइतियानं विचारलं, "पोरी, कागद राहू दे. तोंडानं सांग. वरची जागा किती वर?"

उनाइसीनं तक्ता काढला. "चव्वेचाळीस मीटर. खालची सहा."

इलाइतिया गावचा कारभारी, माणूस चांगला, पण गप्प बसण्याचा त्याला त्रास होतो. तो म्हणाला, "चव्वेचाळीस म्हणजे नारळाची झाडं किती, एकावर एक?"

उनाइसीनं खरंच हिशोब केला. "अडीच."

दाराशी बसलेली आत्या मोठ्यानं म्हणाली, "अर्ध्या झाडावर मी काय करू रे, कारभारी? झेंडा लावू?"

सभाघर हसलं. इलाइतियाला हसावंच लागलं. आत्याचं माहेर दाकुवातु, तिला वाटेल ते बोलायचा हक्क. पण ती स्वतः हसत नव्हती. बसल्या बसल्या उजव्या गुडघ्यावर तळवा फिरवत होती.

उनाइसीनं तक्ता मिटला. तिला राग आला नाही. म्हणाली, "माझंही असंच होतं. आकडा वाचते आणि डोळ्यापुढं काही येत नाही. डोंगर करूया का? पुठ्ठ्याचा?"

पुठ्ठा

दुकानातली सगळी खोकी आली. उनाइसी नकाशावरच्या उंचीच्या रेघा पुठ्ठ्यावर काढून द्यायची, आम्ही कापायच्या. एक रेघ, एक थर. थरावर थर ठेवला की डोंगर. कसाव्याच्या पिठाची खळ मी शिजवली. पहिल्या दिवशी आत्यानं कात्री दिली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लावेनियाच्या आईला बोथट सुरीनं पुठ्ठा चावताना बघून तिला राहवलं नाही. म्हणाली, "सरक. खाडीचा किनारा असा कुरतडलेला असतो होय?" आणि स्वतः बसली. चर्चच्या झग्यांची गोलाई कापणारा हात तो. तिच्या हातून उतरलेला थर बघत राहावा असा.

गुरुवारी दुपारी खाडीचे दोन्ही तीर उभे राहिले. इकडं आमचा उलुलेवु, तिकडं दाकुवातुचा तोवा. ओढ्याला निळा दोरा. उनाइसी त्या दुपारच्याच होडीनं सुवाला गेली, सोमवारी परत येते म्हणून. जाताना सांगून गेली, "खळ वाळू द्या. शनिवारी घराघरानं आपापली काडी रोवा. मी आले की तेच धरू."

बाप्ये बघायला आले. इलाइतिया वाकला. मग उकिडवा बसला. मग मान वाकडी करून जमिनीला गाल लावला.

"हा उलुलेवु?" तो म्हणाला. "ही तर रोटी."

खरंच बसका दिसत होता. आणि समोर तोवा चांगला डोकं काढून उभा.

"दाकुवातुच्या लोकांनी हे बघितलं," इलाइतिया म्हणाला, "तर माझा नातू म्हातारा होईपर्यंत ऐकावं लागेल."

शुक्रवारी मी दिवसभर अळूच्या वाफ्यात होते. आम्हा बायकांचं रान उलुलेवुच्या मागल्या अंगाला आहे. संध्याकाळी टोपली घेऊन उतरले, सभाघराच्या दारातून आत पाहिलं, तर डोंगर वाढला होता. ऐटदार दिसत होता. तोवा त्याच्या खांद्याला लागत होता. बाप्ये यंगोनाच्या, मुळं कालवून केलेल्या पेयाच्या, भांड्याभोवती बसले होते आणि फार शांत होते. एमोरीच्या कोपरापर्यंत खळ वाळली होती.

"खळीनं फुगला असेल," तो म्हणाला.

मी टोपली खाली ठेवून त्याच्याकडं बघितलं. त्यानं यंगोनाच्या वाटीत तोंड घातलं.

शनिवारी काड्या रोवायच्या होत्या. प्रत्येक घराची एक काडी, तिला चिंधी. आमची चिंधी निळी, आत्याच्या जुन्या झग्याची. एमोरी आईला हात धरून घेऊन आला. ती पुठ्ठ्याच्या डोंगरापाशी बसली, गुडघा वाजला, आणि तिनं आधी दोन्ही हात जोडून हलकेच टाळी दिली, मोठ्यांच्या अंगाला हात लावण्याआधी माफी मागतात तशी. मग दोन बोटं टेकवली आणि ती चालायला लागली. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी. आमच्या दारापासून निघाली. चर्च. ओढ्याचा उतार. मग चढ.

बोटं एकेक थर चढत होती. प्रत्येक थराच्या कडेला पाऊल उचलावं तसं बोट उचलत होती. वाटेत दमली. एका थरावर तिची दोन्ही बोटं उभी राहिली, खरंच धाप लागल्यासारखी. वर पट्टी अजून लांब होती.

"इथं मी मरेन," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही वर असाल आणि मी इथं."

तिनं बोटं मागं फिरवली, उतरवली, ओढ्याकाठी आणली. एमोरीच्या हातातली काडी घेऊन निळ्या दोऱ्याशेजारी रोवली.

"आई, वरची जागा..." एमोरी म्हणाला आणि थांबला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, आईच्या गुडघ्यासाठी.

त्या संध्याकाळी जेवताना मी बोलले. "गेल्या पावसाळ्यात ओढ्यानं काय नेलं, आठवतं ना? दादूची तीन डुकरं, कुंपणासकट. आपली मुलं त्या काठाला झोपणार?"

"मग आईला खांद्यावर घेऊन रोज चढू?" एमोरी म्हणाला. "चर्चला कशी येईल? एकदा वर गेली की ती तिथंच बसून राहील. फणसासारखी."

"फणस लोक खाली उतरवतात तरी," आत्या म्हणाली. तिनं आपल्या पानातला मासा मुलांच्या पानात सरकवला. "केलेरा, तू आणि मुलं वर जा. मी त्याच्याबरोबर खाली राहीन. नाहीतर मी एकटीच इथं राहते. समुद्र माझ्या ओळखीचा आहे."

असं ती हळू म्हणाली, भांडायला जागा न ठेवता. मी पान उचललं आणि बाहेर गेले. घर आमचं एकच आहे आणि ते दोन जागी मोडायला निघालं होतं, एका काडीवरून.

टोपली

रविवारी कोणी काही करत नाही. चर्च दोनदा, मधे झोप. सोमवारी पहाट उजाडली तशी मी अळूच्या वाफ्यात जायला टोपली उचलली. आत्या दारात, समुद्राकडं तोंड करून बसली होती. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं: पुठ्ठा फुगला होता, खरी वाट तिला पायांनी चढवून दाखवायची.

"एक सांगू का आत्या? राग मानायचा नाही."

"दाकुवातुचं माणूस रागावत नाही."

"तोवा बुटका आहे."

तिनं मान फिरवली. "कोण म्हणतं?"

"पुठ्ठा म्हणतो. बघितलं ना तुम्ही. उलुलेवुच्या खांद्याला लागतो जेमतेम. मला वाटायचं तुमचं माहेर फार उंच."

"मी त्या दिवशी गुडघ्याकडं बघत होते." तिचे डोळे बारीक झाले. "तोवा बुटका? अगं, सकाळी आमच्याकडं ऊन आधी पडतं आणि तुम्ही तोवर अंधारात दात घासत असता."

"असेल. लांबून कळत नाही. वरच्या पट्टीवरून नीट दिसेल म्हणतात."

आत्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "काठी दे."

टोपलीकडं बघून म्हणाली, "रिकामी नेतेस? दोन कंद टाक तीत. रिकाम्या टोपलीनं वाट खोटी होते."

ते खरं आहे. आम्ही बायका डोंगराच्या वाटा टोपलीनं मोजतो. भरलेली टोपली घेऊन जाताना जिथं पाठ सांगेल तिथं ती टेकवायची. अमक्या वाफ्याला दोनदा टेकवावी लागते, तमक्याला पाचदा. बाप्ये रिकाम्या हातानं फिरतात, त्यांना हे विचारून उपयोग नसतो. आणि गेली काही वर्षं आत्यानं टोपली उचलली नव्हती, त्यामुळं तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

चर्चमागून निघालो. ओढा दगडांवरून ओलांडला. रात्री सर पडून गेली होती, चढावर लाल माती लोण्यासारखी झालेली. आत्या पाय आडवे टाकत होती, खेकड्यासारखी, उजवा पाय आधी नाही, डावा आधी. मी मागं होते, एका हातानं टोपली, दुसऱ्यानं तिच्या कमरेला धरलेलं. तिचा कमरेला गुंडाळलेला सुलू नेच्यांना अडकत होता. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

विलायती फणसाच्या झाडापाशी तिनं हात वर केला. टोपली टेकवली. ती मुळावर बसली, गुडघा दोन्ही हातांनी चोळला, कपाळाचा घाम सुलूच्या टोकानं पुसला.

"पुढं बोलू नकोस," ती म्हणाली. "श्वास लागतो उत्तराला."

पुन्हा निघालो. काळ्या खडकापाशी टोपली दुसऱ्यांदा टेकवली. तिथं ती जास्त वेळ बसली. गुडघा सुजायला लागला होता. मी म्हटलं, "परत फिरायचं का?"

"तोवा दिसला का?"

"नाही अजून."

"मग?"

शेवटच्या चढाला तिनं काठी मला दिली आणि झाडोऱ्याच्या फांद्या दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं. वर जुना खंदक आहे. आमचे पूर्वज गाव खाली समुद्राशी आणायच्या आधी इथंच राहायचे, त्यांनी खणलेला. खंदकाच्या कडेला मी टोपली तिसऱ्यांदा टेकवली. समोर रुंद पट्टी, गवताची, वाऱ्याची.

आत्या उभी राहून धापा टाकत होती. डोळे मिटलेले. "अजून किती?"

"आलं."

"खोटं नको बोलूस, केलेरा. फसवून वर नेतेस मला. अजून कितीतरी चढ आहे. माझ्या बोटांना माहीत आहे."

"आत्या, डोळे उघडा. हा खंदक."

तिनं डोळे उघडले. खंदक पाहिला. पायानं माती दाबून पाहिली. मागं वळून खाली पाहिलं, तर चर्चचं पत्र्याचं छप्पर, तिचं मशिन दारात अजून उघडं, एक कोंबडी त्याच्यावर बसलेली. मग पुन्हा खंदक.

"तीनदा टेकवली?"

"तीनदा."

"ऐन तरुणपणी अळूच्या वाफ्याला मी पाचदा टेकवत होते." ती वाटेकडं बघत राहिली. "आणि पुठ्ठ्यावर मग एवढा चढ?"

तेव्हा तिला खाडीपलीकडं तोवा दिसला. ढग त्याच्या डोक्यावर नव्हता, गळ्यात होता. डोकं ढगाच्या वर, उन्हात.

आत्या आधी नाकातून हसली. मग पोटातून. मग हसता हसता गवतात बसली, मग आडवी झाली, आणि गुडघा धरून हसत राहिली. "इलाइतिया," ती म्हणत होती, "अरे इलाइतिया! माझ्या माहेराला दाबायला निघालास आणि मला ओढ्यात बुडवत होतास की रे!"

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ओढ्यावर एमोरी धावत आला. आई घरात नाही म्हणून तो सगळीकडं शोधत होता. त्यानं तिला पाठीवर घेतलं. तिनं त्याच्या पाठीवरूनच त्याचा कान धरला.

"किती थर?"

एमोरी चालत राहिला.

"किती?"

"सहा," तो म्हणाला. "डोक्यावर लावले तर टोपीसारखं दिसेल म्हणून कमरेत घातले. आई, मला शनिवारीच सांगायचं होतं. सगळे बसले होते. आणि डोंगराचा कमीपणा..."

"तुझ्या आईपेक्षा डोंगर मोठा?"

"डोंगर तुझ्यापेक्षाही वडील," एमोरी रडवेला होऊन म्हणाला. त्यावर तिनं कान सोडला. तिला ते पटलं.

उनाइसी त्याच वेळी होडीतून उतरली होती. सभाघरात सगळे बसले. आत्या दाराशी बसली, पण आवाज वरपर्यंत गेला.

"कारभारी! उलुलेवु गरोदर कधी राहिला?"

इलाइतियानं चटईकडं बघितलं. सरदारांनी त्याच्याकडं बघितलं. उनाइसी पुठ्ठ्याच्या डोंगरापाशी वाकली, कडेनं थर मोजले आणि तोंडावर हात ठेवला. ती हसली नाही. म्हणाली, "चूक माझीही आहे. आधी सांगायला हवं होतं की, पुठ्ठ्यावर डोंगर ठेंगणा दिसला तरी तो ठेंगणा नसतो. असा एकच वाढवला तर चढ खोटा दिसतो. आणि वरच्या जागेपासून ओढा लांब वाटतो."

"कमी करायला हवा," सरदार म्हणाले.

पण सुरी कोण चालवणार? इलाइतियानं मासे साफ करायची सुरी आणली आणि ती हातात घेऊन नुसता बसला. डोंगराची कंबर कापायची. शेवटी यंगोना कालवली. पहिली वाटी डोंगरापुढं ठेवली, इलाइतियानं टाळी देऊन माफी मागितली, मग दुसरी वाटी घेऊन गुडघ्यावर चालत खालच्या बाजूला, दारापर्यंत, आत्यापाशी आला.

"दाकुवातु," तो म्हणाला, "माग काय मागायचं ते."

आत्यानं वाटी एका घोटात संपवली. "तीन बाक," ती म्हणाली. "फणसापाशी एक, काळ्या खडकापाशी एक, खंदकापाशी एक. पाठ टेकायला फळी हवी. आणि खंदकाजवळचा बाक तोवाकडं तोंड करून."

"आणि?"

"आणि मला मधेमधे वर न्यायला तुझी पाठ. एमोरीची हाडं टोचतात."

एमोरीनं सुरी घेतली. वाळलेली खळ करकरत सुटली. त्यानं एकेक थर काढला, उलुलेवु पुन्हा बसका झाला, तोवानं डोकं काढलं. दोन-तीन घरांची माणसं आपापल्या काड्यांकडं नव्यानं बघायला लागली. दादूनं आपली ओढ्याकाठची काडी उपटून वर नेली. एका घरानं होती तिथंच ठेवली, आणि उनाइसी त्यांच्याशेजारी जाऊन बसली, बराच वेळ बोलत.

आत्या पुढं सरकली. हलकेच टाळी दिली. आमची निळ्या चिंधीची काडी दोऱ्याजवळून काढली, दोन बोटांत धरली आणि बोटं चढायला लागली. वाटेत दोनदा थांबली. तिसऱ्या ठिकाणी काडी रोवली.

"वर पाणी कोण आणणार?" तिनं मला विचारलं.

"मी, आत्या."

"भरलेला हंडा कितीदा टेकवशील?"

"बाक झाले की सांगते."

काढलेले थर एमोरीनं घरी आणले आणि चुलीशेजारी रचून ठेवले, ओल्या राखेवर टाकायला.

ते सहाही थर शुक्रवारी दुपारी आत्यानंच कापले होते, दारात बसून, स्वतःच्या कात्रीनं, कशाला हवेत हे न विचारता, आणि कडा इतक्या सुबक निघाल्या म्हणून स्वतःवरच खूश होत.